क्रमांक ३३३० यांनी त्वरित संपर्क साधावा

टेबल टेनिसचं टेबल खोलीबाहेर काढायचं होतं. ते आत कसं गेलं होतं हे सोसायटीत कुणालाच आठवत नव्हतं आणि दारातून तर ते बाहेर येत नव्हतं. चार माणसांनी पाऊण तास खटपट केल्यावर ते भिंतीला उभं टेकवलं, त्यावर चादर टाकली आणि मी रजिस्टरमध्ये लिहिलं : 'खोली रिकामी.' या प्रकरणातली माझी ही एकमेव खोटी नोंद. बाकी सगळं वेळेनिशी बरोबर आहे.

खोली रिकामी हवी होती ती निकिताला. निकिता माझी पुतणी, एका आरोग्य संशोधन संस्थेत काम करते. गाव सोडून शहरात आलेल्या शेतकरी कुटुंबांच्या रक्तात साखर किती वाढते, असा तिचा अभ्यास होता. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या श्रमसाफल्य सोसायटीत देवळा, निफाड, घोटी इथून आलेली आणि आल्यापासून बसलेली कुटुंबं एका जिन्यावर सापडतात. त्यामुळे तिला लांब जायची गरजच नव्हती.

पण नियम कडक होते. सगळी माहिती पुण्यातल्या एका संगणकात बंद राहणार. ती बघायची तर मान्यता मिळालेल्या खोलीतूनच. त्या खोलीत मोबाइल नाही, कागद नाही, पेन नाही. बाहेर येणार फक्त बेरजा आणि सरासऱ्या, त्याही पुण्याच्या माणसाने तपासून सोडल्यावर. आणि दहापेक्षा कमी माणसांचा कुठलाही आकडा बाहेर पडणार नाही.

"का गं?" मी विचारलं.

"काका, दोन-चार माणसांची गोष्ट असली की लोक बरोबर नाव शोधून काढतात."

"आमच्याकडे शून्य असलं तरी काढतात," मी म्हणालो.

या खोलीचा कक्षपाल म्हणून माझी नेमणूक झाली. एकतीस वर्षं मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी कधी लागेल, हे माहीत असूनही लोकांना न सांगण्याचा मला अनुभव आहे.

पुण्याहून चौदा पानी फॉर्म आला. त्यात खोलीचा फोटो जोडणं सक्तीचं होतं आणि खोलीत कॅमेरा नेण्यास सक्त मनाई होती. मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "दोन्ही नियम पाळा." शेवटी मी खोलीत जाऊन नीट बघून यायचो आणि बाहेर बाकावर बसून चित्र काढायचो. अशा सहा खेपा झाल्या. आठ दिवसांनी शेरा आला : 'भिंतीजवळ चादरीखाली कोण उभे आहे, याचा खुलासा करावा.'

शेजाऱ्यांचे सल्ले वेगळेच. तिसऱ्या मजल्यावरच्या मंगलाबाई अंकशास्त्र आणि वास्तुशास्त्र दोन्ही बघतात. त्यांनी सांगितलं की गुपित ईशान्येला टिकत नाही, नैर्ऋत्येला ठेवा. कांद्याचे व्यापारी गोरक्ष आहेर म्हणाले, "शेखरभाऊ, आत कॅमेरा लावा आन् त्याचं चित्र गेटवरच्या टीव्हीवर दाखवा. कोण चोरी करंल मग?" सोसायटीच्या कमिटीने तर तातडीने ठराव करून मुख्य रस्त्यावरून दिसेल असा फलक लावला : 'गुपित खोली', आणि त्याखाली बाण.

शुक्रवारी, नऊ जानेवारीला नोंदणी झाली. नाव, वय, उंची, वजन लिहून घेतलं आणि प्रत्येकाला चार आकडी क्रमांकाचं कार्ड मिळालं. कोणता क्रमांक कुणाचा, ही यादी पुण्यात एका बाईंच्या कुलपात. इथून पुढे नाव घ्यायचं नाही, फक्त क्रमांक. रविवारी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि उंची-वजन पुन्हा मोजायचं होतं. क्लबहाउसच्या दारात मी बसलो होतो. निकिता म्हणाली होती, "काका, कुणालाही ओळख दाखवायची नाही." मी ते इतकं मनावर घेतलं की मान वर करून एकही चेहरा पाहिला नाही. "अहो, मी मंगला," असं कुणीतरी म्हणालं, तर मी दोन्ही कान झाकले. सात वाजल्यापासून नऊ पन्नासपर्यंत दोनशे चौदा कार्डं तपासली. शंभर टक्के हजेरी. एसटीत असं कधी झालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी निकिता खोलीत गेली. पुण्याने तपासलेला पहिला कागद साडेअकराला बाहेर आला. सरासरी उंची शुक्रवारी १५९.३ सेंटिमीटर, रविवारी १५९.३. सरासरी वजन दोन्ही दिवशी सारखं. मी तो कागद तीन जणांना दाखवला.

निकिताचा चेहरा मात्र पडला होता. "काका, रविवारी दारात तुम्हीच होतात ना?"

"पूर्ण वेळ. का? सरासरी बघ की, दशांशाचाही फरक नाही."

"हो, सरासरी उत्तम आहे," असं म्हणून ती पुन्हा आत गेली.

चार वाजता दुसरा कागद आला. त्यावर एकच ओळ होती : 'दोन दिवसांत उंची सहा इंचांपेक्षा जास्त बदललेल्या व्यक्ती : ४३.'

मी दोनदा वाचलं. "वाढत्या वयाची मुलं असतील," मी म्हणालो.

"दोन दिवसांत, काका?"

"मग झालं काय?"

"आत जे दिसतंय ते मी सांगू शकत नाही. तुम्ही बाहेर विचारा."

विचारायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. बी इमारतीतल्या आरोहीच्या घरी सव्वाअकरा वाजता पुण्याच्या कुलूपवाल्या बाईंचा फोन आला. क्रमांक ३३३० ची उपाशीपोटीची साखर ४८० आहे, ताबडतोब दवाखान्यात जा. आरोही एकोणीस वर्षांची, रोज सकाळी सोमेश्वरपर्यंत पळत जाऊन पळत येते. तिच्या वडिलांनी तिला गाडीत घातलं, आईने रडायला सुरुवात केली, आणि दवाखान्यात साखर निघाली ८४.

डॉक्टर म्हणाले, "ही हिची नाही. पण ज्याची असेल त्याला शोधा, आज नाही तर उद्या. एवढी साखर घेऊन हिंडणारा माणूस कधीही बेशुद्ध पडेल. आणि आज तर घरोघरी तिळगूळ वाटताहेत."

परत आल्यावर आरोही सरळ माझ्याकडे आली. "शेखरकाका, रविवारी माझ्याकडे ३३३० नव्हताच. गोरक्षकाकांनी बदलून घेतला."

मी गोरक्षकडे गेलो. तो गच्चीवर पतंगाची फिरकी धरून उभा होता. "घेतला ना," तो म्हणाला. "पोरीला म्हनलं, ह्यो नंबर मला पाहिजे. बेरीज नऊ येती भाऊ! माझ्या गाडीची नऊ, फोनची नऊ. मला मिळालेल्याची चार. चारवर रक्त कसं द्यायचं?"

"अरे, ते कार्ड आहे, गाडीची पाटी नाही! तिला काय दिलंस?"

"माझं कार्ड आन् अर्धी गोणी कांदे."

"म्हणजे ३३३० वर रक्त तू दिलंस?"

"नाय ना! शनिवारी मंगलाताई म्हनल्या, नऊ वाहनाला चालतो, रक्ताला नाय. रक्ताला पाच लागतो. मग मी त्यो कारभारीबाबांना दिला आन् त्यांचा पाच घेतला."

हळूहळू सगळं बाहेर आलं. शनिवारी दिवसभर पार्किंगमध्ये कार्डांचा बाजार भरला होता. मंगलाबाई खुर्ची टाकून बेरजा करून देत होत्या. मी ती गर्दी खिडकीतून पाहिली होती आणि उपवासाची चर्चा चालली असेल असं समजून सुखावलो होतो. अदलाबदल आपापसांतच झाली, म्हणून सरासरी जिथल्या तिथे. आणि कार्ड बदललेल्या माणसाचा चेहरा ज्याने पाहायला हवा होता, तो कक्षपाल खाली मान घालून बसला होता. नियमाप्रमाणे.

कारभारीबाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, गाव देवळा. ते बाकावर तिळाचे लाडू खात बसले होते. मी आधी लाडू काढून घेतला.

"बाबा, ३३३० कुठंय?"

"त्यो व्हय? मी लिफ्टमधी एकाला देऊन टाकला."

"कुणाला?"

"लिफ्टमधी दिवा व्हता का? कमिटीला इचार."

"बाई होती का माणूस?"

"आवाज बसल्याला व्हता. मला इचारलं, तुमच्याकडं नऊवाला हाय का? मी म्हनलं, हाय. मागितल्यावर नाय कसं म्हनायचं? लाडू दे."

"नाही. तुमचीच साखर नसेल कशावरून?"

"मी तर बदल्यात मिळालेल्या नंबरावर दिलं रगत. त्याची बेरीज बी चांगली व्हती म्हनं."

मी पुण्याला फोन लावला. कुलूपवाल्या बाई भल्या होत्या, पण त्यांच्या यादीत ३३३० म्हणजे आरोहीच. एखाद्या माणसाची माहिती बाहेर काढायला समितीची परवानगी लागते आणि समिती पुढच्या गुरुवारी बसते. "तोवर त्या व्यक्तीला काळजी घ्यायला सांगा," त्या म्हणाल्या.

"ती व्यक्ती कोण?"

"ते आम्हाला सांगता येत नाही, कारण आम्हाला माहीत नाही."

पाणी येणार नाही हे सांगायला सोसायटीत लाउडस्पीकर आहे. मी तो ताब्यात घेतला, घसा साफ केला आणि एकतीस वर्षांच्या सरावाने पुकारलं, "क्रमांक तीन हजार तीनशे तीस... क्रमांक तीन हजार तीनशे तीस यांनी त्वरित कार्यालयाशी संपर्क साधावा."

नऊ मिनिटांत अकरा माणसं आली. सगळी ३३३०. एकाने पिशवी आणली होती, कारण बक्षीस मोठं असलं तर काय घ्या. मंगलाबाई पैठणी नेसून आल्या होत्या. मी साखरेचा आकडा सांगितला मात्र, आणि अकराच्या अकरा जणांना आठवलं की आपला क्रमांक वेगळाच होता.

दुसरी घोषणा केली : "क्रमांक ३३३० यांनी तिळगूळ घेऊ नये." याचा परिणाम असा झाला की सगळेच एकमेकांना आग्रहाने तिळगूळ देऊ लागले आणि कोण नाही म्हणतो ते बघू लागले. नाही म्हणायची कुणाची छाती होईना. माझ्या डोळ्यांदेखत सोसायटीचा गूळ दुप्पट खपला. तिसऱ्या घोषणेत मी सगळ्यांना पुन्हा रक्त तपासायला बोलावलं. तिघं आले. बाकीच्यांचं म्हणणं एकच : चांगला नंबर निवडून रक्त दिलंय, आमची कशी असेल?

पाच वाजता निकिता खोलीबाहेर बाकावर बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका, रविवारची उंची आणि वजन आत समोर दिसतंय मला. तो माणूस कसा आहे ते मला कळतंय. पण बाहेर बोलले तर अभ्यास बंद. आणि पुन्हा कुणी विश्वासाने रक्त देणार नाही, तेही खरंच आहे."

मी तिला धीर द्यायला हवा होता. पण मी म्हणालो, "बोलू नकोस. आणि मघापासून ए इमारतीकडे बघतेस, तेही बघू नकोस. नजर ही सुद्धा माहितीच आहे."

"मग बसून राहायचं? कुणीतरी पडेपर्यंत?"

मी नियमांची वही घेतली आणि सातव्या वेळी वाचायला लागलो. बाहेर काय न्यायचं नाही याची पानं अकरा. आत काय न्यायचं याला मात्र दोनच ओळी होत्या : 'अभ्यासासाठी लागणारी जादा माहिती कक्षपालाच्या सहीने आत देता येईल.'

"निकिता," मी म्हणालो, "तुला आतून काही बाहेर सांगता येत नाही. पण मी बाहेरून आत सांगितलं तर?"

गुरुवारी सकाळी साडेसहा वाजता मी गेट बंद केलं. उंची आणि वजन दिल्याशिवाय कुणाला बाहेर सोडायचं नाही. वजनाला गोरक्षने देवळ्याहून कांद्याचा काटा मागवला होता. बायकांनी तीस जणांसमोर वजन सांगायला साफ नकार दिला, तेव्हा मी चादरीचा आडोसा केला आणि आकडा मोठ्याने म्हणायचं बंद केलं. तरी मंगलाबाई म्हणाल्या, "तुम्ही बघाल ना!"

"वहिनी, मी लिहून घेतो आणि विसरतो."

"शनिवारच्या बेरजा मी अजून विसरले नाही," त्या म्हणाल्या, पण काट्यावर चढल्या.

आठच्या सुमारास लक्षात आलं की लोक दुसऱ्यांदा रांगेत येताहेत. काटा गोणीचं वजन आपोआप वजा करत होता. माणूस उभा राहिला की एक किलो कमी. ही बातमी चारही इमारतींत पसरली होती. एक बाई तर घोटीहून आलेल्या पाहुण्यांनाही घेऊन आल्या. मी प्रत्येक आकड्यात एक किलो मिळवला, पाहुणे वगळले, आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी नावांसकट यादी सही करून आत दिली. ३३३० च्या रविवारच्या मापांशी कुणाची मापं जुळतात, ते आता निकिताने आतच बघायचं.

मग वाट बघितली. आतून निकिताचा संगणकावरून पुण्याशी बोलण्याचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. मी नियमाप्रमाणे चार पावलं लांब सरकलो. मग कान आपोआप पुढे झाले, म्हणून आणखी चार सरकलो.

बारा चाळीसला कागद बाहेर आला. खाली पुण्याचा शेरा होता : 'दहा व्यक्ती असल्याने हरकत नाही.' वर दहा नावं होती आणि मथळा : 'यांनी आजच साखर तपासावी.' त्यात उंच होते, बुटके होते, बारीक होते, जाड होते, बाया होत्या, बाप्ये होते. गोरक्ष, मंगलाबाई आणि कारभारीबाबाही होते. चौथं नाव माझं होतं.

"यातला खरा कोण?" मी विचारलं.

"दहांतला एक," निकिता म्हणाली.

यादी वाचल्यावर सोसायटीत जे झालं ते थोडक्यात सांगतो. यादीतले म्हणाले, आमचं नाव का? यादीत नसलेले म्हणाले, आमचं का नाही, आम्ही काय इथं राहत नाही? माझ्या बायकोने साखरेचा डबा फळीवरून काढून कपाटात टाकला आणि कुलूप लावलं.

कारभारीबाबा तेवढे हटून बसले. "मला काय धाड झालीय? मी नाय येत."

"बाबा, तुम्ही नाही आलात तर नऊच होतील," मी म्हणालो.

"होऊ द्या की नऊ."

"नऊ झाले की लोक खरा शोधून काढतील. तुम्ही तुमच्यासाठी येऊ नका. त्या एकासाठी या."

बाबांनी चपला घातल्या.

गोरक्षच्या टेम्पोत बसून आम्ही दहा जण दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी एकेकाला आत घेतलं आणि दार लावलं. कोण किती वेळ आत राहतो त्यावरून काम झालं असतं. गाडी किती मिनिटं थांबली हे मला न बघताही कळतं, जन्माची सवय आहे. दुसऱ्या माणसानंतर मी घड्याळ काढून खिशात घातलं आणि आकडे मोजले जाऊ नयेत म्हणून मनातल्या मनात नाशिक ते सुरगाणा सगळे थांबे म्हणायला लागलो. दहाही जणांना बंद पाकिटं मिळाली. डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी सगळ्यांनी पुन्हा यायचं. असे पाच दिवस." पाच सकाळी आम्ही दहा जण गेलो. एकाला औषध, नऊ जणांना वर्तमानपत्र.

कुणी ठरवलं नव्हतं, पण त्या दिवसापासून दहाही जणांनी गोड सोडलं. एकाने जरी पेढा खाल्ला असता तरी उरले नऊ. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला मंगलाबाई तिळगूळ पदरात घ्यायच्या आणि जिन्यात मांजरीला द्यायच्या. गोरक्षने मुलाच्या साखरपुड्यात जिलेबीकडे पाठ फिरवून फोटो काढले. कारभारीबाबांच्या घरी नातसून रोज पाकीट शोधायची. बाबांनी ते पेटवून अंघोळीचं पाणी तापवलं होतं. लोकांनी पैजा लावल्या, खुणा बघितल्या, आमच्या कचऱ्यात औषधांची वेष्टनं शोधली. शोध लागेना. माझ्या बायकोनेही विचारलं. तिलाही मी सांगितलं नाही, म्हणून आठ दिवस घरात बोलणं बंद होतं.

एप्रिलमध्ये तपासणी पुन्हा झाली. या वेळी दारात आरोही होती आणि ती प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे रोखून बघत होती. चार दिवसांनी निकिताने खोलीतून आलेला एक कागद माझ्या हातात ठेवला. तेव्हा आम्ही दहाही जण गेटबाहेर नवनाथच्या चहाच्या टपरीवर होतो. मी मोठ्याने वाचलं, "फेरतपासणी झालेले, दहा. साखर आटोक्यात असलेले, दहा."

गोरक्षने उगाच रुमाल काढून नाक पुसलं. मंगलाबाईंनी पदर सारखा केला. कारभारीबाबा खोकले. यातलं कशाचं काय समजायचं, हे मला आजही सांगता येणार नाही.

"अरे वा!" नवनाथने पातेल्यावर साखरेचा चमचा धरला. "म्हणजे आता टाकू ना साखर?"

दहा जणांनी एकमेकांकडे पाहिलं. नवनाथ चमचा धरून उभा राहिला, चहा उतू जायला आला. शेवटी त्याने साखर परत डब्यात ओतली आणि दहा कप तसेच भरले.